पहिल्या गाण्याचा इसार

जमिनीच्या व्यवहारात इसार देतात. ठरलेल्या किमतीतली थोडी रक्कम आगाऊ हातावर ठेवायची, इसारपावती करायची आणि उरलेला व्यवहार मुदतीत पुरा करायचा. धान्याच्या बाजारात नमुना दाखवतात. पोत्यातले मूठभर दाणे काढून पुढे धरायचे. पसंत पडले तर पोते घ्यावे, नाही तर मूठ पुन्हा पोत्यात. दोन्हीकडे थोडे पुढे करून पुष्कळाची बोली होते. फरक इतकाच की इसाराने देणारा आणि घेणारा दोघेही बांधले जातात. नमुन्याने कोणीच बांधले जात नाही. एखादी दीर्घ कथा गाण्यांतून सांगायची असते, तेव्हा सर्वांआधी श्रोत्यांसमोर येणारे गाणे या दोहोंपैकी नेमके काय असते, हा प्रश्न इथे मांडायचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ते गाणे इसार असते. आणि आपण, म्हणजे श्रोते, समीक्षक आणि विशेषतः साहित्य शिकवणारे लोक, त्याला नमुन्यासारखे वागवत आलो आहोत.

प्रश्नाचे सर्वांत उघड रूप रॉक संगीतात दिसते. एकाच कथासूत्राने बांधलेल्या गाण्यांच्या संग्रहाला तिथे 'कन्सेप्ट अल्बम' म्हणतात. अल्बम ही तास-दीड तासाची गोष्ट; रेडिओला हवे असते तीन-चार मिनिटांचे गाणे. म्हणून संपूर्ण अल्बमच्या आधी त्यातले एक गाणे सुटे काढायचे, त्याला 'सिंगल' म्हणायचे, आणि त्याच्या पाठीवर बसवून कथा लोकांच्या दारी पाठवायची, अशी रीत पडली. 'द हू' या इंग्लिश बँडने १९६९च्या मार्चमध्ये 'पिनबॉल विझर्ड' हे सिंगल काढले. 'टॉमी' हा दोन तबकड्यांचा अल्बम मे महिन्यात आला. लहानपणी डोळ्यांदेखत घडलेल्या खुनाबद्दल 'तू काही पाहिले नाहीस, काही ऐकले नाहीस, कोणाला काही सांगायचे नाहीस' असे आईबापांनी मनावर ठसवल्यामुळे ज्याचे डोळे, कान आणि वाचा मिटून जाते, अशा एका मुलाची ही कथा. पण सिंगलमध्ये या कथेचा मागमूस नाही. तिथे गातो तो टॉमीकडून पिनबॉलच्या खेळात हरलेला एक जुना खेळाडू. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही असा मुलगा आपल्याला हरवतोच कसा, याचे त्याला न उलगडणारे आश्चर्य आहे, आणि हे आश्चर्य हेच गाणे आहे.

मार्चमध्ये ते सिंगल विकत घेणाऱ्याच्या हाती काय पडले? एक नायक, त्याच्याविषयीचा एक अचंबा आणि 'हे असे का?' हा प्रश्न. उत्तर मे महिन्यात येणार होते. सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट अशी की पीट टाउनशेंडने हे गाणे अल्बमचे काम बरेच पुढे गेल्यावर लिहिले, आणि पिनबॉलचा षौकीन असलेला निक कोन हा समीक्षक त्या वेळी त्याच्या नजरेसमोर होता. उशिरा लिहिलेले आधी बाहेर आले. कथा ठाऊक असलेल्यानेच कथेचे दार बांधले, असे म्हणता येईल. त्या दारातून आतले काय दिसावे आणि काय दिसू नये, हे त्यामुळेच त्याला नेमके ठरवता आले. हा इसाराचा व्यवहार झाला, आणि अल्बमने तो पुरा केला.

आता दुसरे उदाहरण पाहू. शिक्षकी पेशातल्या वाचकांना ते अधिक जवळचे वाटेल. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' हा अल्बम १९७९च्या नोव्हेंबरअखेरीस आला. त्याच सुमारास 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग सिंगल म्हणून निघाला आणि त्या वर्षीच्या नाताळात तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. लंडनमधल्या इझलिंग्टन ग्रीन या शाळेतल्या मुलांचे समूहगायन त्यात आहे. शाळेविरुद्ध, मास्तरांच्या जाचाविरुद्ध मुलांनी दिलेली हाक, अशीच त्या गाण्याची जगभर ओळख झाली. वस्तुतः ते तीन भागांतले एक. पहिल्या भागात युद्धात गमावलेला बाप आहे. नायक स्वतःभोवती जी भिंत रचत जातो तिची पहिली वीट तो आहे. दुसऱ्या भागाच्या लगेच आधी एक छोटे गाणे येते, आणि मुलांना छळणारे हे मास्तर स्वतः घरी बायकोचा मार खाणारे आहेत, हे त्यात सांगितलेले आहे. अल्बममध्ये मास्तर हा जुलमाच्या साखळीतली एक कडी आहे. वरून मिळालेले तो खाली देतो. सिंगलमध्ये मागची कडी तुटली आणि मास्तर एकटाच उरला. कथेत जो छळणारा आणि छळलेलाही होता, तो सुट्या गाण्यात निव्वळ खलपुरुष झाला. कथा गळाली की गाण्यातली दया आधी गळून पडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही.

मात्र याच गाण्याने माझ्या मताला एक अडचणही उभी केली आहे, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. १९८०मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीने लादलेल्या विषम शिक्षणाविरुद्ध उठलेल्या विद्यार्थ्यांनी हे गाणे आपले केले, आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. त्या मुलांना अल्बमच्या नायकाशी, त्याच्या बापाशी काय देणेघेणे होते? त्यांच्या वाट्याला आलेली भिंत खरी होती. सुटलेल्या गाण्याला तिथे मूळ कथेपेक्षा अधिक निकडीची कथा मिळाली. तेव्हा गाणे कथेपासून सुटणे ही सदैव हानीच असते, असे म्हणता येत नाही. पण इथेही गाणे कथेवाचून राहिलेले नाही. एकाने दिलेला इसार दुसऱ्याने उचलला आणि व्यवहार आपल्या रक्ताने पुरा केला. हानी होते ती तिसऱ्याच स्थितीत. जुनी कथा गेलेली असते, नवी आलेली नसते, आणि गाणे नुसते ओळखीचे म्हणून वाजत राहते.

कथेचे दार उघडणाऱ्या गाण्याचा मराठीतला थोर दाखला पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरचा आहे. १ एप्रिल १९५५ या दिवशी, रामनवमीला, ग. दि. माडगूळकरांचे आणि सुधीर फडक्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली आणि १९५६च्या एप्रिलमध्ये ही मालिका संपली. त्या वर्षी अधिक मास आल्याने बावन्नाच्या जागी छप्पन आठवडे मिळाले. 'कन्सेप्ट अल्बम' हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी मराठी श्रोत्यांनी एक अखंड कथा गाण्यागाण्याने, वर्षभर, पुढच्या आठवड्याची वाट पाहत ऐकली. यातले पहिले गीत सर्वांना पाठ आहे. पाठ असल्यामुळेच कदाचित त्याची रचना आपल्या नजरेतून निसटते.

रामकथा नव्याने सांगण्याची गरज १९५५ साली महाराष्ट्रात कोणालाच नव्हती. रामाचा जन्म, वनवास, सीताहरण, रावणवध हे सारे श्रोत्याला आधीच माहीत होते. मग पहिल्या गीताने ओळख करून दिली ती कशाची? माडगूळकर जन्मापासून आरंभ करत नाहीत. कथा जवळजवळ संपल्यानंतरचा एक प्रसंग ते पुढे आणतात. रामाच्या राजसभेत दोन बटू रामचरित्र गात आहेत आणि ऐकणारा खुद्द राम आहे. गीताच्या अखेरीस तो आसनावरून उठून त्या मुलांना जवळ घेतो. बापलेकांची भेट होते. पण ती भेट आहे हे त्या क्षणी ना बापाला ठाऊक, ना लेकांना. ठाऊक आहे ते फक्त रेडिओजवळ बसलेल्या श्रोत्याला. छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना रामायण गायला सांगतात, म्हणजे शेवटचे गीत काळाच्या दृष्टीने पहिल्याच्या आधीचे ठरते आणि वर्तुळ पुरे होते.

हे पहिले गीत कथा सांगत नाही. ती कोण कोणाला सांगत आहे, हे सांगते. पुढची सगळी गीते, त्यांत दशरथ बोलो, कौसल्या बोलो की शूर्पणखा, या एका चौकटीत ऐकायची आहेत. टाकलेल्या आईची मुले बापाला बापाचेच चरित्र ऐकवीत आहेत. अग्निपरीक्षेचे गीत या चौकटीत ऐकून पाहावे. आपल्या आईच्या परीक्षेची हकिगत मुले नकळत त्याच माणसापुढे गात आहेत, हे ध्यानात ठेवले की स्तुतीच्या सुरात एक न उच्चारलेला जाब ऐकू येऊ लागतो. पहिले गीत वगळून किंवा विसरून तो ऐकू येणार नाही. गीतरामायणाचे कार्यक्रम आज निवडक गीतांचे होतात, आणि वेळेचे बंधन पाहता ते स्वाभाविक आहे. त्यांत पहिले गीत बहुधा असतेच. पण मंगलाचरण म्हणून असते. चौकट उभी करून झाली की तिच्यात बसवायला चित्र उरलेले नसते.

'टॉमी' आणि 'गीतरामायण' यांना शेजारी बसवण्यात कोणाला औचित्यभंग वाटू नये. दोन्हींतले प्रवेशगीत एकच काम करते. कथेतल्या घटना ते राखून ठेवते आणि कथेकडे कोणत्या जागेवरून पाहायचे ती जागा दाखवते. एकीकडे हरलेला प्रतिस्पर्धी, दुसरीकडे बापाला न ओळखणारे पुत्र. मुंबईच्या 'डिमॉनिक रिझरेक्शन' या मेटल बँडने २०१७ साली 'दशावतार' नावाचा अल्बम काढला, तेव्हा त्याच्यापुढेही हीच अट होती. मत्स्यापासून कल्कीपर्यंतची कथा आपल्या श्रोत्याला परकी नाही. अशा ठिकाणी पहिले गाणे सांगू शकते ते एवढेच की ही जुनी कथा आता कोणत्या आवाजात येणार आहे. निवेदकाचे स्थान, असे ज्याला आपण कादंबरीच्या वर्गात म्हणतो, ते गाण्यांच्या कथेत पहिल्या गाण्याने ठरते.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांकडे वळतो. भीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा हा मुलूख. तमाशाच्या दोन वेगवेगळ्या रीती इथे एकमेकींच्या शेजारी नांदल्या आहेत. शिरूर तालुक्यातले कवठे येमाई हे ढोलकी-फडाच्या तमाशाशी नाते सांगणारे गाव. बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. गण, गौळण, लावणी आणि वग अशी तमाशाच्या सर्व अंगांची रचना त्यांनी फडांसाठी केली. महाराष्ट्र शासनाचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा २०१८चा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २०२१ मध्ये ते गेले. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावरचे चौफुला हे ठिकाण संगीतबारीच्या कला केंद्रांसाठी ओळखले जाते. फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी अशा पायऱ्या चढून शेवटी वग येतो, म्हणजे कथा येते. संगीतबारीत वग नसतो. तिथे एकेक लावणी बसलेल्यांच्या फर्माइशीवरून उभी राहते. आपल्या विषयाच्या भाषेत बोलायचे तर कवठे येमाईचा तमाशा हा अल्बम आहे आणि चौफुल्याची बारी ही सिंगलची कला आहे.

यातली एक रीत उंच आणि दुसरी हलकी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बैठकीची लावणी स्वतःत पुरी असते. एकाच ओळीचे दहा वेगळे अर्थ अदेने उलगडणाऱ्या कलावतीला पुढच्या कथेची गरज नसते. ती कुणाचे देणे लागत नाही. गौळण मात्र देणे लागते. वरवर पाहता गौळणीचा वगाशी काही संबंध दिसत नाही. गौळणीत कृष्ण मथुरेच्या वाटेवर गवळणींना अडवतो, मावशी त्याची फजिती करते. वगात कुठलासा राजा, प्रधान, फितुरी, वनवास. पण मावशीने देवाला उघड उघड टोमणे मारून झाले की प्रेक्षकाला कळते की या मांडवात आज मोठ्यांची गय होणार नाही. पुढे वगातला सोंगाड्या राजाच्या तोंडावर गावच्या बोलीत चार शब्द सुनावतो, तेव्हा त्याला लागणारी मुभा गौळणीने आधीच काढून ठेवलेली असते. गौळणीने दिलेला हा इसार फेडला जातो तो वगातच.

आणि नेमका वगच गळत चालला आहे. याची कारणे अनेक आहेत; त्यांतले एक अगदी साधे, घड्याळाचे आहे. वग येतो सर्वांत शेवटी. जत्रेच्या तमाशात तो मध्यरात्रीच्या सुमारास उभा राहून पहाटेपर्यंत चालत असे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई केली आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. वर्षातले थोडे दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना आहे, पण पहाटेपर्यंतची नाही. नियमाचा हेतू योग्य आहे; आजारी माणसाची, अभ्यास करणाऱ्या मुलाची झोप हीही गोष्ट मोलाची आहे. परंतु दहाचा ठोका पडला की कात्री लागते ती शेवटाला, आणि तमाशाच्या शेवटी कथा असते. गण होतो, गौळण होते, मग सिनेमातल्या गाण्यांवरचे नाच होतात, आणि मांडव मोकळा होतो. लोकांना वग नको झाला आहे, असे म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्यही असेल. पण जो वग पुरता पाहायलाच मिळत नाही, तो नको झाला हे ठरवले कोणी? पिढीच्या पिढी नुसता इसार घेऊन घरी जाते, आणि व्यवहार एवढाच असतो असे समजते.

आपल्या वर्गांत याहून वेगळे काय घडते? पाठ्यपुस्तकात 'उतारा' असतो. नाटकातला एक प्रवेश, कादंबरीचे पहिले प्रकरण, दीर्घकाव्याच्या आरंभीच्या ओळी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ची नांदी १८८० पासून गाइली जाते आणि आजही कितीतरी मैफिली तिने सुरू होतात. नाटक पाहिलेले किंवा वाचलेले विद्यार्थी वर्गात किती निघतील? नांदीमागून सूत्रधार येतो, पुढे काय होणार ते सांगतो, आणि मग होतच काही नाही.

यावर समीक्षेतला एक प्रतिष्ठित आक्षेप येईल. कलाकृती स्वायत्त असते. गाणे गाणे म्हणून उभे राहिले पाहिजे, त्याला कथेच्या कुबड्या कशाला? उभे राहिलेच पाहिजे, हे मला मान्य आहे. जे सिंगल गाणे म्हणून पडते, ते कथेचेही दार होऊ शकत नाही. खोटे नाणे इसारात चालत नाही. पण स्वायत्ततेचा हा आग्रह आपण प्रवेशगीताला लावतो, तेव्हा त्याने मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा आपल्याला उणीव तरी वाटते, किंवा ती दिसतच नाही. 'पिनबॉल विझर्ड' मधला अचंबा आणि रामाच्या मिठीतले अज्ञान या दोन्ही अशा राखलेल्या जागा आहेत. गाण्यात जे नाही ते तिथे का नाही, हे विचारण्याची सवय स्वायत्ततेच्या नावाखाली मोडली, तर आपण विद्यार्थ्याला चव घ्यायला शिकवू, वाचायला शिकवणार नाही.

म्हणून माझा आग्रह दोन ठिकाणी आहे. पहिला वर्गात. आरंभीचे गीत, नांदी, पहिले प्रकरण शिकवायचेच असेल तर त्याच्यासोबत शेवटही वाचून दाखवावा. गीतरामायणाचे पहिले गीत ज्या तासाला घ्यायचे त्याच तासाला छप्पन्नावे घ्यावे, आणि मधली चौपन्न मुलांवर सोपवावीत. वर्तुळाची दोन टोके हाती आली की मधले शोधायची ओढ बहुधा लागते. एकच टोक दिले तर ती रेघ वाटते, आणि रेघ कुठेही तोडता येते.

दुसरा आग्रह शिरूर-दौंडच्या आणि एकूणच गावोगावच्या यात्रा कमिट्यांना. दहाचा नियम पाळायचा आहे, आणि तो पाळलाच पाहिजे, तर तमाशा सहा वाजता सुरू करा. गण आणि गौळण ठेवा, मधली उसनी गाणी कमी करा आणि आठ वाजता वग उभा राहू द्या. दोन तासांत बसणारा वग लिहिणारे हात या मुलुखात होते. नव्याने तयार होणे अशक्य नाही. सुपारी ठरवायला फडमालक समोर बसतो, तेव्हा किती गाणी आणि किती नाचणाऱ्या हे विचारतात, तसे वग कोणता लावणार हेही विचारावे. विचारणारा कोणी आहे असे दिसले, तर फडाला वग बसवावासा वाटेल.